मैदानावरची मैत्री आणि छापून येणारी बातमी: वाचकांचे प्रश्न

जिल्ह्याच्या मैदानावर रोज दिसणारी माणसं मोजकी असतात. प्रशिक्षक, खेळाडू, महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण संचालक आणि एखादा क्रीडा बातमीदार. तीच माणसं वर्षानुवर्षं भेटत राहिली की बातमीदार आणि खेळाडू यांची मैत्री होते, आणि ती व्हावीच. गेल्या अंकात आम्ही या मैत्रीतल्या अडचणी विचारल्या होत्या. आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत.

प्रश्न: मी एका दैनिकाचा जिल्हा प्रतिनिधी आहे, क्रीडा पान बघतो. ४०० मीटर धावणारा, टी.वाय.ला असलेला एक मुलगा माझा जवळचा मित्र झाला आहे. मला दादा म्हणतो. विद्यापीठ स्पर्धेला आठ दिवस राहिले असताना त्याने फोनवर सांगितलं, ‘हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) ओढली गेलीय, सरांना अजून बोललो नाही.’ ही बातमी आहे का? छापली तर मैत्री तुटते, नाही छापली तर दुसरा पेपर छापेल. (सातारा जिल्हा)

बातमी आहे, पण ती अजून तुमच्या हातात आलेली नाही. त्याने ती दादाला सांगितली, प्रतिनिधीला सांगितली नाही. पुढारी मंडळी आधी बोलून मोकळी होतात आणि मग ‘हे छापू नका’ म्हणतात, तेव्हा बातमीदाराने ते ऐकायलाच हवं असं नाही. बोलण्याआधी ठरलं असेल तरच ते बंधन. वीस वर्षांच्या मुलाला हा नियम लावू नका. त्याला तो कुणी सांगितलेला नसतो.

आधी मित्र म्हणून जे करायचं ते करा. ओढल्या गेलेल्या हॅमस्ट्रिंगवर आठ दिवसांत पूर्ण वेगाने ४०० मीटर धावलं तर तोच स्नायू पुन्हा, आणि आधीपेक्षा जास्त, फाटण्याची भीती असते. शेवटच्या शंभर मीटरमध्ये दम संपलेला असतो आणि धावपटू पाय लांब टाकायला जातो. नेमका तिथेच स्नायू फाटतो. म्हणून त्याला सांगा: आज संध्याकाळी सरांशी बोल, उद्या फिजिओला दाखव. तो ४ × ४०० मीटर रिलेतही असेल तर हे अधिक निकडीचं आहे. त्याच्या लपवण्याने उरलेल्या तिघांचं पदक जातं आणि राखीव धावपटूची संधीही. मात्र त्याच्या वतीने तुम्ही सरांना फोन करायचा नाही. तसं एकदा झालं की तो पुन्हा तुमच्याजवळ काही बोलणार नाही आणि सरही तुम्हाला खबऱ्या समजतील.

त्याने सरांना सांगितलं, संघातून नाव निघालं, की ती बातमी सगळ्यांची. मग संघ व्यवस्थापकाला फोन करा, यादीत नाव का नाही ते विचारा. त्यानंतर मित्राला विचारा, ‘यातलं काय छापू?’ बहुतेक वेळा एवढं पुरतं: ‘मांडीच्या दुखापतीमुळे अमुक या स्पर्धेत धावणार नाही.’ एमआरआयमध्ये काय निघालं, स्नायू किती फाटला, किती आठवडे विश्रांती, हे तो आपण होऊन म्हणाला तरच. निवड करणारे आणि प्रतिस्पर्धी हे सगळं वाचतात.

दुसरा पेपर आधी छापेल ही भीती खरी आहे, पण एका दिवसाच्या फरकाने फार काही बिघडत नाही. हीच माहिती तुम्हाला आणखी दोन माणसांकडून, त्याचा संबंध न येता मिळाली, तर ती लिहायला तुम्ही मोकळे आहात. छापण्याआधी त्याला फोन करून सांगा. सकाळी पेपर उघडल्यावर त्याला कळू देऊ नका. आणि त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं वाक्य ‘सूत्रांनी सांगितले’ म्हणून बातमीत घालू नका. मैदानावर ते वाक्य कुणाचं हे सगळे ओळखतात.

पुढे असं होऊ नये म्हणून एक सवय लावून घ्या. वही बाहेर काढली की छापायचं बोलणं, वही मिटली की गप्पा. फोनवर वही दिसत नाही, म्हणून सुरुवातीलाच म्हणा, ‘आता पेपरसाठी विचारतोय.’ बोलणं संपताना तो काय म्हणाला ते दोन वाक्यांत त्याला परत ऐकवा.

शिवाय आपल्या संपादकाला किंवा आवृत्तीप्रमुखाला एक लेखी टिपण आजच द्या. मजकूर साधा असू दे: ‘अमुक खेळाडूशी माझी वैयक्तिक मैत्री आहे. त्याची रोजची कामगिरी मी लिहीन. निवडीचा वाद, शिस्तभंग, उत्तेजक चाचणी किंवा त्याच्याविरुद्धची तक्रार असल्यास ती बातमी दुसऱ्या सहकाऱ्याला द्यावी.’ वाद झाल्यावर दिलेल्या टिपणाला कुणी विचारत नाही; ते आधी दिलेलं असावं लागतं.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या मातीच्या मैदानावर मी १०० मीटर १०.७ सेकंदांत धावलो. विद्यापीठाचा विक्रम १०.८१ आहे. माझ्या पत्रकार मित्राने ‘विद्यापीठ विक्रम मोडीत’ असा मथळा दिला. आता क्रीडा संचालक म्हणतात विक्रम झालाच नाही, आणि बाकीची पोरं चिडवतात. माझं चुकलं की त्याचं? (संगमनेर)

संचालक बरोबर सांगतात. १०.७ ही हातघड्याळाची, म्हणजे हाताने कळ दाबायच्या स्टॉपवॉचची वेळ आहे आणि १०.८१ इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची. हातघड्याळात माणसाचा अंगठा बंदूक उडाल्यावर किंचित उशिरा दाबला जातो, त्यामुळे वेळ कमी भरते. तुलना करायची तर १०० आणि २०० मीटरच्या हातघड्याळी वेळेत ०.२४ सेकंद मिळवतात, ४०० मीटरला ०.१४. तुमचे १०.७ म्हणजे साधारण १०.९४. धाव चांगलीच आहे, पण विक्रमाच्या मागे.

यात आणखी तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला, घड्याळ कधी सुरू केलं. वेळाधिकाऱ्याने बंदुकीचा धूर किंवा ठिणगी बघून कळ दाबायची असते. तो शेवटच्या रेषेजवळ, म्हणजे सुरुवातीपासून शंभर मीटरवर उभा असतो. आवाज तिथे पोहोचायला ०.३ सेकंदाच्या आसपास लागतो. आवाजावर घड्याळ सुरू केलं तर खेळाडूला तेवढी वेळ फुकट मिळते. थाळी वाजवून किंवा शिट्टीवर शर्यत सोडली असेल तर त्या वेळेवर काहीच बोलता येत नाही.

दुसरा, आकडा कसा लिहिला. हातघड्याळावर १०.६२ दिसलं तर नोंद १०.७ अशी होते. शंभरावा भाग शून्य नसेल तर पुढच्या दशांशाला जायचं असतं. तुमच्या मित्राने एखाद्या मोबाइलमधले १०.६२ बघून तेच छापलं असतं तर आणखी गोंधळ झाला असता. पहिल्या क्रमांकासाठी तीन घड्याळं हवीत. दोन सारखी आली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. १०.६, १०.७ आणि १०.९ असतील तर १०.७.

तिसरा, वारा. १००, २०० मीटर, १०० आणि ११० मीटर अडथळा, लांब उडी आणि तिहेरी उडी यांच्यात पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर क्रमांक आणि पदक राहतं, विक्रम धरला जात नाही. वारा मोजलाच नसेल तर विक्रमाची भाषा करायची नाही. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयीन मैदानांवर वाऱ्याचा वेग मोजणारा वायुमापक नसतो, हे बातमीदाराने गृहीतच धरावं.

मित्राने विचारायला हवं होतं, तुम्हीही सांगायला हवं होतं. निकाल पाठवताना ‘दादा, १०.७ आले, रेकॉर्ड!’ असा संदेश जातो आणि पानावर बसलेला उपसंपादक तोच शब्द मथळ्यात घेतो. त्याऐवजी एवढं पाठवा: ‘पुरुष १०० मी., अंतिम फेरी, लेन ४, पहिला, १०.७ सेकंद, हातघड्याळ, वारा मोजला नाही, मातीचा ट्रॅक.’ पुढे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची नावं महाविद्यालयासह, प्रशिक्षकाचं नाव, स्पर्धेचं पूर्ण नाव, ठिकाण, तारीख. नावं देवनागरीतच लिहा, नाहीतर ‘शिर्के’चं ‘शिरके’ होतं आणि कात्रण ठेवावंसं वाटत नाही. छायाचित्र व्हॉट्सॲपवर साधं पाठवलं की त्याचा दर्जा उतरतो आणि छपाईत चेहरा पुसट येतो. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छातीवरचा क्रमांक दिसणारा फोटो निवडा. ग्रामीण आवृत्तीचं पान शहर आवृत्तीच्या आधी सुटतं, म्हणून निकाल संध्याकाळी मैदानावरूनच द्या, घरी जाऊन जेवून नव्हे.

झालेल्या बातमीचं काय? तुमच्या मित्राने दुरुस्ती छापावी, त्याच पानावर, ‘१०.७ ही हातघड्याळाची वेळ असून विद्यापीठ विक्रम कायम आहे’ असं सरळ. पोरांचं चिडवणं त्याने थांबेल. आणि हे कात्रण फाईलला लावून कुठे अर्ज करू नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी मूळ प्रमाणपत्र आणि क्रीडा विभागाची पडताळणी लागते. वर्तमानपत्रातला विक्रम तिथे उपयोगी नाही.

प्रश्न: मुलगी विद्यापीठाच्या खो-खो संघात निवडली गेली. तिचा मित्र असलेला बातमीदार घरी येऊन पेढे खाऊन गेला, आणि जाताना म्हणाला, ‘काका, अभिनंदनाची एक जाहिरात द्या, म्हणजे बातमीही मोठी लागेल.’ द्यावी का? (धाराशिव जिल्हा)

देऊ नका, आणि नकार तुम्ही स्वतः द्या, मुलीला मध्ये घालू नका.

जिल्ह्यातल्या कित्येक वार्ताहरांना मानधन तुटपुंजं असतं आणि पुरवणीच्या जाहिराती आणण्याचं ओझंही त्यांच्याच डोक्यावर असतं, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या मुलाला वाईट समजू नका. पण त्याने बातमीचा आकार जाहिरातीला बांधला, आणि ते चालणार नाही. मुलीची निवड ही बातमी आहे. ती जाहिरातीविना छापली जायला हवी.

पैशाचाही हिशेब बघा. जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरवर असतो. दोन कॉलम रुंद, म्हणजे साधारण ८ सेंटिमीटर, आणि १२ सेंटिमीटर उंच अशी छोटी जाहिरात ९६ चौरस सेंटिमीटर होते. दर समजा १०० रुपये धरला तरी ९,६०० रुपये, कर वेगळा. एवढ्यात मुलीचे चांगले बूट, गुडघ्याचे पट्टे आणि स्पर्धेचा प्रवासखर्च निघतो.

त्याला असं सांगा: ‘तू घरचा आहेस, पेढे खायला कधीही ये. जाहिरात आम्ही देणार नाही. बातमी जेवढी असेल तेवढी लाव.’ तो खरा मित्र असेल तर त्याला सुटल्यासारखं वाटेल. तरीही बातमी अडली तर महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांकडून संघाची पूर्ण यादी सगळ्या दैनिकांना पाठवायला सांगा. यादी आली की सगळ्या मुलींची नावं लागतात, आणि तसंच व्हायला हवं.

प्रश्न: मी थाळीफेक करते. वाढदिवसाला पत्रकार मित्राने प्री-वर्कआउट पावडरचा डबा दिला. दोन आठवडे घेतली. नंतर स्पर्धेत नाडाने (राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने) माझा नमुना घेतला. घाबरून मी चाचणीच्या फॉर्मचा फोटो त्यालाच पाठवला. आता काय करू? (नाशिक)

डबा फेकू नका. उरलेली पावडर तशीच बंद करून ठेवा. बॅच क्रमांक, मुदतीची तारीख आणि घटकांची यादी यांचे फोटो काढा. बिल त्याच्याकडे असेल ते मागून घ्या. त्याच बॅचचा न उघडलेला डबा मिळाला तर घेऊन ठेवा. उद्या गरज पडली तर पावडरच भेसळीची होती हे सिद्ध करायला हेच लागतं, आणि न उघडलेल्या डब्याला सगळ्यात जास्त वजन असतं.

मग फॉर्मची तुमची प्रत बघा. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि पूरक आहार तिथे लिहायचा असतो. पावडर लिहिली होती का? घटकांत ‘डीएमएए’, ‘मिथाइलहेक्सानामाइन’, ‘जिरेनियम अर्क’ किंवा ‘हायजेनामाइन’ दिसतं का ते वाचा. ही बंदी असलेल्या द्रव्यांची नावं आहेत. नुसतं कॅफिन असेल तर त्यावर बंदी नाही. यादीत काही नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण डब्यावर न छापलेले पदार्थ सापडतात, आणि शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरतात. दिलं कुणी, हा प्रश्न नंतर येतो. दोष नाममात्र होता हे पुराव्यानिशी दाखवता आलं तर शिक्षा कमी होते, नाहीतर द्रव्य कोणतं आणि ते मुद्दाम घेतलं का यावर दोन ते चार वर्षं जाऊ शकतात. नाडाचं पत्र आलं तर त्यात ‘ब’ नमुन्याची (त्याच वेळी वेगळ्या बाटलीत ठेवलेल्या दुसऱ्या भागाची) तपासणी मागण्याची मुदत दिलेली असते. ती चुकवू नका. प्रशिक्षकांना आजच सांगा.

फोटो त्याला काढून टाकायला सांगा. त्या फॉर्मवर तुमचा नमुना क्रमांक, पत्ता आणि औषधं असतात. चाचणी होणं ही काही संशयाची गोष्ट नाही. पदक मिळवणाऱ्यांची चाचणी अनेकदा होते. त्याने याची एक ओळही लिहू नये. पुढे निकाल काहीही लागला तरी ती बातमी त्याच्या दैनिकातल्या दुसऱ्याने लिहावी, कारण डबा त्याने दिलेला आहे. चाचणीच्या खोलीत खेळाडूला सोबत एक प्रतिनिधी नेता येतो; तिथे प्रशिक्षक किंवा घरचं माणूस न्या, बातमीदार मित्राला कधीच नाही.

बातमीदारांसाठीही सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे अधिकारी आल्याचं कळलं आणि पुरुषांच्या १०० मीटर अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. ती बातमी होती. सगळं मैदानावर, उघड्या डोळ्यांसमोर घडलं. एखाद्या मुलीच्या पिशवीतला फॉर्म ही बातमी नव्हे. आणि खेळाडूला पावडर, गोळी, ‘एनर्जी’चं पाकीट भेट देऊ नका. घरचे लाडू द्या.

प्रश्न: मी महिला बातमीदार. एका महाविद्यालयीन धावपटू मैत्रिणीने सांगितलं की प्रशिक्षक तिला त्रास देतो, नको तिथे हात लावतो. ती म्हणते, ‘ताई, तू छाप, म्हणजे तो थांबेल.’ (विदर्भ)

आज छापू नका. आधी तिचं वय विचारा. अकरावी-बारावीतल्या कितीतरी मुली महाविद्यालयाच्या मैदानावर असतात. ती १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याने तुम्हाला, माहिती मिळालेली व्यक्ती म्हणून, पोलिसांना कळवणं भाग आहे. मैत्री किंवा पत्रकारिता यातून सूट देत नाही. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर मदत मिळते. हे तिला सांगून, तिच्या पालकांना किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन करा. पोलिसांकडे जाण्याआधी तिला अंधारात ठेवू नका.

ती सज्ञान असेल तर निर्णय तिचा. महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तारखा, ठिकाणं, संदेश, कुणाला कधी सांगितलं, हे तिने आजच स्वतःच्या हाताने लिहून ठेवावं. संदेश पुसू नयेत. पोलिसांत जाण्याचा मार्ग वेगळा खुला आहेच.

बातमी कधीतरी होईल. ती दुसऱ्या सहकाऱ्याने करावी आणि तुम्ही तिच्या सोबत राहावं. दोन्ही एकाच वेळी नीट जमत नाही. त्या सहकाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा. नाव गाळलं म्हणजे ओळख झाकली असं खेळात होत नाही. ‘अमुक महाविद्यालयाची ८०० मीटरमधली रौप्यविजेती’ एवढ्यावरून निकालाचा कागद काढून कुणीही पाच मिनिटांत नाव शोधतं. क्रीडा प्रकार, पदक, महाविद्यालय, वर्ष, वसतिगृह यातलं काहीही देऊ नका. ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे.

प्रश्न: माझा मित्र विद्यापीठाच्या कबड्डी संघाचा चढाईपटू. उपांत्य सामन्यात तो पार ढेपाळला आणि संघ हरला. त्याच्याबद्दल कसं लिहू? (मुंबई)

आकड्यांनी लिहा. ‘चौदा चढायांत तीन गुण, पाच वेळा पकड’ असं लिहिलं की विशेषणाची गरज पडत नाही. सामना कुठे फिरला ते सांगा: लोण (अख्खा संघ बाद होणं) कोणत्या मिनिटाला चढला, शेवटचे तीन खेळाडू उरले असताना समोरच्या संघाने अव्वल पकड (सुपर टॅकल) कशी साधली, डाव्या कोपऱ्यातला बचावपटू त्याच्या कोणत्या पायावर टपून होता. ‘अपयशी’, ‘निराशाजनक’, ‘दुर्दैवी’ हे तिन्ही शब्द गाळा. पहिले दोन त्याला लागतात, तिसरा त्याची बाजू घेतो. प्रतिक्रिया प्रशिक्षकाची घ्या. सामना संपल्यावर त्याच्याकडे जा, पण वही खिशात ठेवून, आणि बातमी आधी दाखवायचं कबूल करू नका. लिहून झालं की तोच मजकूर दुसऱ्या संघातल्या अनोळखी चढाईपटूचं नाव घालून वाचा. शब्द कठोर किंवा मऊ वाटला तर तो बदला आणि मगच पाठवा.